आधी माणसे ओळखा

नागपूरच्या मिहान भागावरून वर्धा रोडने पुढे गेले की बुटीबोरी आणि जवळच टाकळघाट. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तिथली प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप पूर आलेल्या नदीत बुडाले. स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडांची गाणी टिपून घेतली, खडकांतले जीवाश्म गोळा केले. सेवेला निघणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला यापेक्षा चांगला धडा नाही: उपदेशाआधी इथली माणसे आणि माती ओळखावी. हिस्लॉप यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून सुरू आहे. अशा सेवेची तयारी शहरात आजही होते: सेमिनरी हिल्सवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत कॅथलिक तरुण धर्मगुरूपदाची तयारी करतात. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही नागपुरातच आहे.