एक कर्ण, अनेक वाचक

शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घरांघरांत कर्ण नव्याने वावरू लागला. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहाजण येथे त्याची कथा सांगतात. तरीही वाचकांचा कौल एक नाही.

कुळामुळे ज्याच्या गुणांची उपेक्षा झाली, त्या वाचकाला कर्ण आपलाच वाटतो. मैत्रीला प्राणापलीकडे मानणारा त्याच्या निष्ठेने भारावतो. उलट, द्रौपदीच्या बाजूने वाचणारी वाचक द्यूतसभेपाशी थबकते. महाभारतातील कर्णाने तेथे काढलेले अपशब्द तिला विसरता येत नाहीत. कोणाला सावंतांची अलंकृत भाषा मोहविते, तर कोणाला तीच जड वाटते.

योगायोग असा, की इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही १९६७ चेच. त्यातील चिकित्सक दृष्टी कर्णालाही सूट देत नाही. या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वाचकांनी दोन्ही पुस्तकांना आपलेसे केले.

मग खरा कर्ण कोणता? वाचकहो, विशीत वाचलेले पुस्तक पन्नाशीत पुन्हा उघडून पाहावे. आपला कौलही बदललेला आढळेल. म्हणून घरात एखाद्या पुस्तकावरून वाद रंगला, तर तो मिटविण्याची घाई नको. “तुला असे का वाटले?” एवढेच विचारावे. मिळणाऱ्या उत्तरातून पुस्तकाइतकाच आपला माणूसही उलगडत जातो.