ठिणगी किती आधीं पडावी?

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यांत, मेक्सिकोच्या सीमेलगत, आल्गोडोनेस नांवाचा वाळूच्या टेकड्यांचा एक मोठा पट्टा आहे. थंडीच्या दिवसांत तेथें हजारों माणसें डेरे टाकून राहतात आणि चार जाड चाकांच्या, पण मोटारसायकलप्रमाणें मांड ठोकून बसावयाच्या गाड्या त्या टेकड्यांवर चढवितात. या गाड्यांना ‘क्वाड’ असें म्हणतात. त्यांपैकीं विशेष नांवारूपास आलेली गाडी म्हणजे यामाहा कंपनीची ‘बॅन्शी’. १९८७ सालीं ती बाजारांत आली. अमेरिकेंतील तिची विक्री २००६ सालच्या गाडीबरोबर संपली. पण तिचे शौकीन आजहि तिला जिवापाड जपतात आणि तिची शक्ति वाढविण्याचे उपाय शोधीत असतात. या उपायांपैकीं सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा उपाय एकच आहे. तो म्हणजे इंजिनांतील ठिणगी तीनचार अंश अगोदर पाडणें. मोटारीच्या कारखान्यांत यालाच टायमिंग अ‍ॅडव्हान्स करणें म्हणतात.

बॅन्शीचें इंजिन दोन सिलिंडरांचें, पाण्यानें थंड होणारें आणि टू-स्ट्रोक जातीचें आहे. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ५४ मिलिमीटर आणि एकूण घनफळ ३४७ घनसेंटिमीटर. हीं मापें ऐकून महाराष्ट्रांतील जुन्या मोटारसायकलींच्या षोकिनांना एक ओळखीची गाडी आठवेल. १९८३ पासून कांहीं वर्षें भारतांत तयार झालेल्या ‘राजदूत ३५०’ या गाडीच्या इंजिनाचीं मापें नेमकीं हींच होतीं. तें इंजिन हवेनें थंड होई आणि त्याची ठिणगी उघडझांप करणाऱ्या पॉइंटांमुळें पडे. पण घराणें एकच. तेव्हां बॅन्शीची ही हकीकत त्या गाडीलाहि पुष्कळ अंशीं लागू पडते.

आतां मूळ प्रश्न असा कीं, ठिणगी मुळांत आधीं पाडावयाचीच कां? दट्ट्या पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबीत अगदीं वरच्या टोंकाला पोंचला, कीं तेथेंच तें पेटवावें आणि त्याच्या जोरानें दट्ट्याला खालीं लोटावें, हें वरवर पाहतां सरळ दिसतें. परंतु मिश्रण एकदम पेटत नाहीं. प्लगच्या टोंकाशीं प्रथम ज्वालेचा एक लहानसा कण तयार होतो, तो वाढतो, आणि गवताला लागलेल्या वणव्याप्रमाणें ज्वाला सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरत जाते. याला वेळ लागतो. आणि त्या वेळांत दट्ट्या कांहीं थांबून राहत नाहीं. गाडी दहा वाजतां सुटणार असेल तर घरून दहा वाजतां निघून चालत नाहीं. स्टेशन किती दूर आहे हें पाहूनच निघावें लागतें. त्याचप्रमाणें दट्ट्या वरचें टोंक ओलांडून दहापंधरा अंश पुढें गेला असतां त्याच्यावर सर्वांत अधिक दाब यावा, अशा बेतानें ठिणगी आधींच पाडून ठेवावी लागते.

येथें अंश म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याचा तीनशें साठावा भाग. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर फेरे होतात आणि एक अंश सरकावयास सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग पुरतो. समजा, ठिणगी टोंकाच्या २० अंश अगोदर पडली. तर ज्वालेला तोंपर्यंत मिळालेला अवधि सेकंदाच्या अठराशेव्या भागाएवढा होतो. या क्षणीं बॅन्शीचा दट्ट्या टोंकापासून सुमारें २ मिलिमीटर खालीं असतो. ठिणगी २४ अंशांवर नेली कीं हेंच अंतर जवळजवळ ३ मिलिमीटर होतें. सारा व्यवहार काय तो या एका मिलिमीटरचा आहे.

ठिणगीची वेळ बदलण्याची कल्पना नवी नाहीं. १९०८ ते १९२७ या काळांत तयार झालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या सुकाणूखालीं दोन दांड्या असत. उजवी पेट्रोलची आणि डावी ठिणगीची. गाडी सुरू करतांना ठिणगी उशिरां पडेल अशी डावी दांडी ठेवावी आणि वेग आल्यावर ती हळूहळू पुढें आणावी, असा शिरस्ता होता. तो विसरून कोणी हँडल मारूं लागला, तर मिश्रण फार लवकर पेटून दट्ट्याला उलट ढकली आणि हँडल उसळून माणसाचें मनगट मोडे. बॅन्शीलाहि पायानें किक मारूनच सुरू करावें लागतें. ठिणगी प्रमाणाबाहेर आधीं आणली, तर तीच उलटी उसळी हाताऐवजीं पायाला बसते.

बॅन्शीमध्यें अशी दांडी नाहीं. तिच्या डाव्या अंगाला क्रँकच्या टोंकावर लोहचुंबक बसविलेलें फ्लायव्हील फिरतें आणि त्याच्या आड एका तबकडीवर तारांचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. चुंबक विशिष्ट वेटोळ्याजवळून गेलें कीं विजेचा एक क्षीण इशारा निघतो, आणि त्या इशाऱ्यासरशीं विजेची पेटी प्लगकडे ठिणगी पाठविते. तबकडी क्रँकच्या फिरण्याच्या उलट दिशेला थोडी वळविली, तर चुंबक तेथें लवकर पोंचतें आणि ठिणगीहि लवकर पडते. मूळ तबकडी एका जागीं पक्की असते; तिच्याऐवजीं लांबट भोंकांची व अंशांच्या खुणा केलेली तबकडी विकत मिळते. विजेची पेटी वेगाप्रमाणें ठिणगीची वेळ कांहीं प्रमाणांत बदलीत असली, तरी तबकडी वळविल्यानें सर्वच वेगांवर सारखीच भर पडते. एका वेगावर जें औषध, तें दुसऱ्यावर विष होऊं शकतें, ही गोष्ट येथूनच सुरू होते.

प्रथम लाभ पाहूं. मंद आणि मध्यम वेगावर सिलिंडरमध्यें ताजें मिश्रण कमी भरतें, जळून गेलेला वायु बराच उरतो आणि ज्वाला रेंगाळते. अशा वेळीं ठिणगी थोडी आधीं पडली तर दाब योग्य क्षणीं येतो. मूठ पिरगळतांच गाडी उसळून पुढें जाते. वाळूंत चाकें रुतत असतां ही तत्परता फार उपयोगी पडते, आणि चार अंशांचें कौतुक होतें तें यामुळेंच.

परंतु वेग वाढला कीं चित्र पालटतें. सिलिंडर चांगला भरतो, आंतील वायूंत खळबळ माजते, ज्वाला आपोआप वेगानें पसरते आणि तिला आधीं निघण्याची तितकी गरज राहत नाहीं. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनाचें अर्धें बळ त्याच्या फुगीर धुराड्यांत असतें. धुराड्यांतून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हा आंत ढकलते. आणि ही लाट तप्त वायूंत जलद, थंड वायूंत मंद चालते. ठिणगी आधीं पडली तर उष्णता सिलिंडरमध्यें अधिक खर्च होते, धुराड्यांत कमी जाते, आणि लाट वरच्या वेगाला वेळेवर परतत नाहीं. म्हणून शर्यतीच्या पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनांत अतिवेगावर ठिणगी उलट मागें घेतलेली असते. चार अंश देऊन खालचा जोर घ्यावा, तर वरचा जोर गमवावा लागतो, असा हा सौदा आहे.

याहून मोठा धोका उष्णतेचा. फोर-स्ट्रोक इंजिनांत दर दोन फेऱ्यांना एकदां ज्वलन होतें. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेऱ्याला होतें. दट्ट्याच्या माथ्याला निवावयास उसंतच मिळत नाहीं. त्यांत ठिणगी फार आधीं पडली, म्हणजे ज्वाला पसरत असतांच दट्ट्या वर चढून दाब भरमसाट वाढवितो आणि ज्वाला न पोंचलेलें कोपऱ्यांतील मिश्रण एकाएकीं आपोआप भडकतें. यालाच नॉकिंग म्हणतात. मोटारीमध्यें ही टकटक ऐकूं येते. पण टू-स्ट्रोकच्या कर्कश आवाजांत ती बहुधा बुडून जाते. कानाला कळण्यापूर्वींच दट्ट्याची कड उंदरानें कुरतडल्यासारखी झालेली असते. प्लग तापून लाल झाला, तर तोच ठिणगीची वाट न पाहतां मिश्रण पेटवूं लागतो आणि थोड्याच वेळांत दट्ट्याच्या माथ्याला भोंक पडतें. दट्ट्या फुगून सिलिंडरला घट्ट धरून बसला, तर भर वेगांत मागचीं चाकें जखडतात. टेकडीच्या कड्यावर असतांना असें झालें, तर नुकसान केवळ यंत्राचें राहत नाहीं.

म्हणून जाणते कारागीर कांहीं नियम पाळतात. प्रथम मूळ जागेची खूण तबकडीवर आणि इंजिनाच्या अंगावर कोरून ठेवावी, म्हणजे परत फिरण्याची वाट मोकळी राहते. प्लगच्या भोंकांतून मोजमापाचें घड्याळ घालून दट्ट्याचें टोंक नक्की करावें आणि चालू इंजिनावर लुकलुकत्या दिव्यानें खूण पडताळून पाहावी. केवळ तबकडीवरच्या आंकड्यांवर विसंबूं नये. फ्लायव्हील जागच्या जागीं ठेवणारी लहानशी चावी झिजलेली असेल, तर सारींच मापें खोटीं ठरतात. एकदम चार अंश न घेतां दोन घ्यावे आणि पूर्ण जोरानें थोडे अंतर जाऊन, इंजिन तेथेंच बंद करून प्लग पाहावे. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकते अथवा काळे ठिपके दिसले, तर दट्ट्याचा धातु उडूं लागला असें समजावें आणि ठिणगी तत्काळ मागें घ्यावी. पेट्रोल अधिक ऑक्टेनचें वापरावें, कारण तें आपोआप भडकण्यास अधिक विरोध करतें. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, तर आधीं तें सुधारावें.

स्थळाचा विचारहि सुटूं नये. १०,००० फुटांवर हवा सुमारें पाव हिस्सा विरळ असते. दाब कमी पडतो आणि तेथें इंजिन अधिक आधीं पडणारी ठिणगी सहन करतें. डोंगरावर बेतशीर लावलेलें तेंच इंजिन आल्गोडोनेसच्या सखल वाळूंत आणलें, तर दाट हवेचा पूर्ण घोट घेतें, आणि वाळूंत मूठ सैल सोडावयास सवडहि मिळत नाहीं. डोंगरावर गुणकारी ठरलेले चार अंश येथें घातक ठरतात.

इंजिन बनविणाऱ्यानें ठिणगीची वेळ ठरवितांना वाईट पेट्रोल, कडक उन्हाळा, दीर्घ चढण आणि निष्काळजी स्वार या सर्वांसाठीं थोडी शिल्लक बाजूला ठेवलेली असते. चार अंशांनीं मिळणारी चपळाई त्याच शिलकेंतून काढलेली असते. पेट्रोल उत्तम आहे, मापें पडताळलेलीं आहेत आणि प्लग वरचेवर पाहिले जात आहेत, अशा घरीं ती रक्कम खुशाल काढावी. ज्याला हिशेब ठेवण्याचा कंटाळा आहे, त्यानें मात्र तबकडी मूळच्या खुणेवरच राहूं द्यावी.