आदिवासींवरचे लेखन : नावे आणि आधार

महाराष्ट्रातील आदिवासींविषयी लिहिताना दीर्घकाळ भिस्त राहिली ती सरकारी ग्रंथांवर. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले, मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ साली आले आणि एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यावरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात. माहिती विपुल, पण मांडणी राज्य चालवणाऱ्यांच्या सोयीची. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा रद्द होऊन ‘विमुक्त’ हे नाव आले, तरी वर्तमानपत्रांच्या भाषेतून शिक्का सहजी पुसला गेला नाही.

समूहनामाचा वादही त्याच सुमारास पेटला. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात या जमातींना मागासलेले हिंदू ठरवले. घटना समितीत जयपाल सिंह मुंडा यांनी ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला. राज्यघटनेने ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा घेतली आणि काही संघटनांनी ‘वनवासी’ रूढ करायचा प्रयत्न केला. मराठीत टिकला तो ‘आदिवासी’, कारण लिहू लागलेल्या आदिवासींनीच तो आपला मानला.

आधार बदलल्यावर काय दिसते, हे वारल्यांच्या बाबतीत स्पष्ट होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत. असा माणूस म्हणजे ‘लग्नगडी’. या वेठबिगारीविरुद्धच्या १९४५ च्या उठावात वारल्यांसोबत राहिलेल्या गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात ही वेठ भोगणाऱ्यांच्या बाजूने येते. मात्र सांगणारी लेखणी बाहेरचीच होती. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम या आदिवासी कवींच्या कवितेने ती उणीव भरून काढायला सुरुवात केली.

वारल्यांच्या चित्रकलेत ही उणीव वेगळ्या रूपात राहिली. लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी लिहीत, लग्न लावणाऱ्या धवलेरी त्या वेळी गाणी म्हणत. १९७० नंतर कागदावरची चित्रे बाजारात आली, जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेले आणि ते रास्तच होते. भिंती रंगवणाऱ्या बायका मात्र लेखांत बहुधा ‘वारली स्त्रिया’ एवढ्याच उरल्या.

जमातीच्या नावांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गोंड स्वतःला कोइतूर म्हणतात, पण सरकारी कागदपत्रांत मुख्यतः ‘गोंड’ हेच नाव चालते. म्हणून अलीकडचे जाणकार लेखक दोन्ही नावे देतात आणि कोणते कोणाच्या तोंडचे, हेही नोंदवतात.