मुक्त आणि संयुक्त : राधानगरीच्या भूमीतील सिलिकेचा मागोवा

राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर धरण बांधण्यास आरंभ केला, नव्या वसाहतीला आपली कन्या राधाबाई यांचे नाव दिले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. तेव्हापासूनचा राधानगरीचा इतिहास पाण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्या पाषाणावर हे पाणी अडले, त्या पाषाणाचाही एक इतिहास आहे; आणि सिलिका हा एकच शब्द या शतकभरात येथे किती भिन्न अर्थांनी वापरला गेला, हे ध्यानी घेतल्यावाचून तो नीट उमगत नाही.

सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा संयोग म्हणजे सिलिका. बर्झेलियसने १८२४ मध्ये सिलिकॉन हे मूलद्रव्य वेगळे केले. त्याच्या काळातील रसायनशास्त्रज्ञ खनिजाचे घटक ऑक्साइडांच्या रूपाने मांडीत, आणि ती वहिवाट खाणींच्या दफ्तरात अद्याप चालू आहे. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, मध्यभागी सिलिकॉनचा एक अणू व चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू असलेला चतुष्फलक हा बहुतेक सर्व सिलिकेटांचा पाया असून, हे चतुष्फलक सुटे राहतात, साखळीत जोडले जातात, थरांत पसरतात किंवा तिन्ही दिशांना गुंफले जातात, त्यावरून खनिजाचा स्वभाव ठरतो. म्हणजे अहवालातील सिलिकेचा आकडा तिचे प्रमाण तेवढे सांगतो. ती कोणत्या बंधनात आहे, हे सांगत नाही.

राधानगरीचा काळा फत्तर याचे पहिले उदाहरण होय. दख्खनच्या बेसाल्टाचे पृथक्करण केले तर वजनाचा जवळजवळ अर्धा भाग सिलिकेचा निघतो. तथापि त्यात गारेसारखी मुक्त सिलिका जवळपास नसतेच. ती फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या सिलिकेट खनिजांत ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांच्यासह बद्ध असते. धरणाचा पाया ज्या खडकावर टेकला, तो अशा संयुक्त सिलिकेचा आहे.

हाच खडक सह्याद्रीच्या माथ्यावर, उष्ण हवेत आणि धुवाधार पर्जन्यात, लक्षावधी वर्षे झिजला, तेव्हा पाण्याबरोबर कॅल्शियम, सोडियम इत्यादी प्रथम निघून गेले. मागोमाग सिलिकाही विरघळून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची जलयुक्त ऑक्साइडे तेवढी उरली. आपण ज्याला जांभा म्हणतो तो हाच. आणि जेथे ॲल्युमिनियम विशेष साठले, तेथे बॉक्साईट. सिलिकेच्या निर्गमनातून निर्माण झालेली ही संपत्ती राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडच्या पठारावर आहे, आणि तेथील खाणींतून निघालेले बॉक्साईट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात आले आहे.

या व्यवहारात सिलिकेला जो अर्थ प्राप्त झाला, तो पाहण्याजोगा आहे. कार्ल बायर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या पद्धतीत बॉक्साईट कॉस्टिक सोड्याच्या तप्त द्रावात घालतात. त्यातील चिकणमातीत बद्ध असलेली सिलिका द्रावात उतरते आणि सोडियम ॲल्युमिनोसिलिकेटच्या रूपाने पुन्हा बाहेर पडताना सोडा व ॲल्युमिना दोन्ही आपल्यासोबत नेते. उलटपक्षी, गारेच्या रूपातील सिलिका कमी तापमानाच्या प्रक्रियेत बहुतांशी निष्क्रिय राहून तांबड्या गाळात जाते. सबब, एकूण सिलिका समान असलेल्या दोन मालांची किंमत समान असेलच असे नाही. कारखानदार क्रियाशील सिलिका स्वतंत्रपणे मोजून घेतो, तो याचसाठी.

सिलिकेचा तिसरा अर्थ घाटाखालून आला. राधानगरीवरून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरले की कणकवली तालुक्यात शुभ्र सिलिका वाळूचे साठे लागतात, आणि ही वाळू कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत साच्यांसाठी वापरली जाते. ही जवळजवळ शुद्ध, मुक्त आणि स्फटिकरूप सिलिका होय. वितळलेल्या लोखंडाची धग ती सोसते म्हणूनच तिला मोल आहे. पण तिची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली तर फुप्फुसांत सिलिकोसिस जडतो, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने हा विकार सूचनीय रोगांच्या यादीत घातला. साचे घट्ट करण्यासाठी याच वाळूत सोडियम सिलिकेटचा द्रव मिसळतात. तो सिलिकेचाच, परंतु पाण्यात विरघळणारा अवतार.

एका शतकाचा हा मागोवा घेतला म्हणजे एक गोष्ट निःसंशय पटते. धरणाखालचा खडक, पठारावरचे खनिज आणि घाटाखालची वाळू, या तिन्हींच्या दाखल्यांत सिलिका हाच शब्द येतो. परंतु पहिल्या ठिकाणी ती आधार आहे, दुसऱ्या ठिकाणी उणीव आणि तिसऱ्या ठिकाणी एकाच वेळी साधन आणि धोका. ज्या परिसरात १९५८ पासून दाजीपूरच्या गव्यांचे अभयारण्य आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने ज्याला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात स्थान दिले, तेथील खाणपट्ट्यांच्या कागदांवर ग्रामसभा आपले मत नोंदविते, तेव्हा तिला हा भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे. सिलिका किती, या प्रश्नाबरोबरच ती मुक्त की संयुक्त, स्थिर की क्रियाशील, आणि तिची धूळ कोणाच्या श्वासात जाणार, हे विचारण्याइतके रसायनशास्त्र तालुक्यातील प्रत्येक शाळेतून शिकविले गेले पाहिजे. ज्यांच्या भूमीचा कस त्या आकड्यात उतरतो, त्यांना तो आकडा वाचता येणे हा त्यांचा हक्क आहे.