अपघातात अपंगत्व आले, तर वकील कसा करावा?



भाजी घेऊन बाजाराला निघालेल्या माणसाला ट्रकची धडक बसते आणि पाय कायमचा अधू होतो. घरात औषधांचा खर्च, शेतात पेरणी खोळंबलेली. अशा वेळी दवाखान्यात खाटेपाशी एखादा अनोळखी गृहस्थ येतो. "भरपाई मिळवून देतो, निम्मी आमची," असे म्हणून कोऱ्या कागदावर सही मागतो. ती सही देऊ नये, हे आम्हांला प्रथम सांगायचे आहे.

भरपाईत वाटा ठरवून दावा चालवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. फी आधी ठरवावी, दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. कागद कानडीत किंवा इंग्रजीत असेल, तर मराठीत समजावून मागण्यात संकोच कसला?

फी देण्याची ऐपत नसेल तरी घाबरू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अपंग व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

वाहन अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. सीमाभागातील आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अपघात कोल्हापूरकडे झाला आणि घर बेळगाव जिल्ह्यात असले, तरी दावा बेळगावला लावता येतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावयाचा आहे. उशीर झाला असल्यास स्वतःच आशा सोडू नये, वकिलाला विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते. ती शरीराची असते, कमाईची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. डावा हात गेला तरी कारकून आपले काम करू शकेल. सुताराची किंवा ड्रायव्हरची मात्र जवळजवळ सगळी कमाई बुडेल. शेतकऱ्याचेही तसेच. नांगर धरणे, पाणी पाजणे, ओझे उचलणे यांतले काय आता जमत नाही, ते वकिलाला नीट सांगावे. न सांगितल्यास ते न्यायाधीशांपुढे येणार कसे?

पुढील कागद एका पिशवीत जपून ठेवावेत :

१. पोलिसांतील फिर्यादीची नक्कल.
२. दवाखान्याचे कागद व औषधांची सर्व बिले.
३. सरकारी इस्पितळाचा अपंगत्वाचा दाखला.
४. जमिनीचा उतारा, अडत्याच्या पट्ट्या, साखर कारखान्याची व दुधाची बिले. कमाईचा पुरावा तो हाच.

दयाळू शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमा बांधल्या, आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली. आपल्या वाडीत असा कोणी घरी पडून असेल, तर त्याला भेटावयास जाताना फळे न्यावीतच. पण त्याचे कागद लावून द्यावेत आणि त्याच्याबरोबर कचेरीपर्यंतही जावे. तीही सेवाच आहे.