‘काटा जोडलेला नाही’: एका चुकीच्या एरर मेसेजने काय शिकवलं?

धानाचा हंगाम होता. रात्री आठ वाजता मामेभावाचा फोन आला. तुमसरजवळ त्याची राईस मिल आहे. “दादा, तुझा प्रोग्राम ‘काटा जोडलेला नाही’ म्हणून राहिला. केबल दोनदा बदलली, काटेवाल्यालाही बोलावलं. बाहेर ट्रॅक्टरची लाइन लागली आहे.”

वजनकाट्यावरचा आकडा यूएसबी केबलमधून लिनक्स कॉम्प्युटरवर घेणारा तो छोटा सी प्रोग्राम मीच लिहिला होता. काटा ठीक होता, केबलही ठीक होती. त्या दिवशी नवीन ऑपरेटरसाठी वेगळं युजर अकाउंट उघडलं होतं आणि त्या अकाउंटला सिरियल पोर्ट वापरायची परवानगी नव्हती. एवढंच!

सिस्टमला कारण माहीत होतं

पोर्ट किंवा फाइल उघडायला प्रोग्राम ‘ओपन’ हा सिस्टम कॉल वापरतो. तो फसला की -1 मिळतो आणि खरं कारण ‘एररनो’मध्ये आकड्याच्या रूपात येतं. लिनक्समध्ये 2 म्हणजे त्या नावाची फाइल किंवा डिव्हाइसच नाही, 13 म्हणजे परवानगी नाही, 28 म्हणजे डिस्कवर जागा नाही.

त्या रात्री एररनो 13 होता. मी मात्र फक्त -1 तपासून ‘काटाच निघाला असेल’ असा अंदाज मेसेजमध्ये लिहून ठेवला होता. मेसेज नसता तर लोकांनी सगळंच तपासलं असतं. चुकीच्या मेसेजमुळे दीड तास ते फक्त केबलच बघत बसले.

मग मी काय बदललं?

1. कॉल फसल्याबरोबर एररनो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला. मध्ये साधा लॉग लिहिला तरी तो आकडा बदलू शकतो.

2. मेसेजमध्ये तीन गोष्टी आणल्या: काय करत होतो, कशावर, का जमलं नाही. आकड्याचा अर्थ शब्दांत ‘एसटीआर-एरर’ हे फंक्शन देतं. आता स्क्रीनवर येतं: “काट्याचा पोर्ट उघडता आला नाही: परवानगी नाही (13). या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घ्या.” उबंटू, डेबियनवर सिरियल पोर्ट सहसा याच ग्रुपकडे असतो.

3. उपाय फक्त कारण ओळखलं तरच सांगायचा. नाहीतर आकडा आणि सिस्टमचे शब्द जसेच्या तसे दाखवायचे.

4. हे बदलताना दुसरी चूक सापडली. वजन फाइलमध्ये लिहिणारा ‘राइट’ कॉल फसला का, हे मी तपासतच नव्हतो. डिस्क भरली असती तर शेतकऱ्याच्या हातात पावती गेली असती, पण मिलच्या नोंदीत त्याचं धान नसतं. आता नोंद पूर्ण झाल्याशिवाय पावती छापलीच जात नाही.

तुमच्याही कोडमध्ये -1 तपासणारी प्रत्येक जागा एकदा शोधा. तिथे लिहिलेला मेसेज सिस्टमने सांगितलेलं कारण आहे, की तुमचा अंदाज?