कृत्रिम मेदपटल

कृत्रिम मेदपटल म्हणजे प्रयोगशाळेत मेदरेणूंपासून तयार केलेला, पेशीपटलाशी साम्य असणारा अत्यंत पातळ पडदा होय. चेतापेशीत विद्युत संदेश कसा निर्माण होतो, याच्या अभ्यासात त्याचा प्रतिकृती म्हणून उपयोग होतो.

रचना

फॉस्फोलिपिड रेणूचे शीर्ष जलस्नेही, तर शेपट्या जलविरोधी असतात. त्यामुळे पाण्यात हे रेणू शेपट्या आत व शीर्षे बाहेर ठेवून दुहेरी थर रचतात. पॉल म्युलर, डोनाल्ड रूडिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मेंदूतून काढलेल्या मेदापासून असे पटल तयार केले. मिठाच्या द्रावणाचे दोन कप्पे वेगळे करणाऱ्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रावर मेद पसरला जातो. तो पुरेसा विरळ झाला की दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश परस्परांना नष्ट करतो व पटल काळे दिसते. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते.

विद्युत गुणधर्म

नुसते मेदपटल विद्युतभार साठवते. परंतु आयनांना जवळजवळ अडवून धरते. हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड अक्षतंतूवरील प्रयोगांतून दाखविले होते, की चेतासंदेशासाठी सोडियम व पोटॅशियम आयनांचे पटलातून वहन आवश्यक असते. मग हे आयन मेदातून पार कसे होतात, हा प्रश्न उरला. ग्रामिसिडिन हे प्रतिजैविक पटलात मिसळल्यावर प्रवाह एकसारख्या पायऱ्यांनी वाढतो, असे हलाडकी व हेडन यांना १९७० मध्ये आढळले. प्रत्येक पायरी म्हणजे एक मार्गिका उघडणे होय. अशा एका मार्गिकेतून सेकंदाला सुमारे एक कोटी आयन जाऊ शकतात. अलामेथिसिनसारख्या पदार्थांनी तर पटलात चेतासंदेशासदृश विद्युत स्पंदनेही निर्माण करता आली. यावरून मेद हा रोधक असून संदेशाची क्षमता त्यात रुतलेल्या मार्गिकांमुळे येते, हे स्पष्ट झाले. १९७६ मध्ये नेहर व साकमान यांनी जिवंत पेशीतील एकेका मार्गिकेचा प्रवाह मोजला. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मर्यादा

छिद्रावरील पटल नाजूक असते व फार काळ टिकत नाही. त्यात अक्षतंतूची लांबी किंवा आयनांचा समतोल राखणारे पंप नसतात. म्हणून ते संदेशाच्या निर्मितीचे एकेक अंग दाखविते, संपूर्ण चेतापेशी नव्हे.

महाराष्ट्रातील संबंधित संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्र विभाग सुरू केला. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतांचा त्यांनी सीमूर बेन्झर यांच्यासह अभ्यास केला. कृत्रिम पटलात मार्गिका बाहेरून घालून, तर अशा माश्यांत जनुकीय दोषांच्या आधारे, चेतासंदेशाचा शोध घेतला जातो.